चांदीची आगगाडी आणि ग्वाल्हेरचे माधवराव

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्याचा काही भाग आज संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे. तिथल्या भोजनगृहात लांबच लांब टेबलावर रूळ मांडलेले आहेत आणि त्यांवर एक छोटी चांदीची आगगाडी उभी आहे. तिच्या डब्यांत काचेची नक्षीदार पात्रे बसवलेली आहेत. जेवण आटोपले की ही गाडी ब्रँडी, सिगार आणि तोंडात टाकायचे जिन्नस घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे. एखाद्याने पात्र उचलले की गाडी थांबे आणि पात्र जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. बघणारे हसतात, छायाचित्र काढतात आणि राजेरजवाड्यांच्या लहरीपणाचा आणखी एक नमुना म्हणून ती विसरून जातात. ज्यांच्या हौसेतून ही गाडी टेबलावर आली, ते महाराज माधवराव शिंदे मात्र इतक्या सहजपणे विसरून जावे असे गृहस्थ नव्हते.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव शिंदे १८८६ च्या जून महिन्यात निवर्तले, तेव्हा या मुलाला दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गादी मिळाली, पण सत्ता मिळाली नाही. इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली एक मंडळ राज्याचा कारभार पाहू लागले आणि वयात येऊन १८९४ मध्ये पूर्ण अधिकार हाती येईपर्यंत माधवराव नावाचेच महाराज होते. संस्थान लहान नव्हते. सुमारे पंचवीस हजार चौरस मैलांचा मुलूख आणि एकवीस तोफांच्या सलामीचा मान, असा शिंदेशाहीचा उरलेला वारसा होता. महादजींच्या काळातील दरारा मात्र संपलेला होता. राजाने कुठे किती हालचाल करायची, याच्या मर्यादा कलकत्त्याहून ठरत होत्या.

वडिलांच्या आकस्मिक मृत्यूने या मुलापुढे एक विलक्षण कोडे टाकले. शिंद्यांचा खजिना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गुप्त तळघरांत ठेवलेला असे. त्याला गंगाजळी म्हणत. तिथे पोहोचण्याचा सांकेतिक मार्ग म्हणजे बीजक. ते केवळ गादीवरच्या पुरुषाला ठाऊक असायचे आणि त्याने ते वारसाला सांगायचे, अशी रीत होती. जयाजीराव ते न सांगताच गेले. माधवरावांच्या स्नुषा विजयाराजे शिंदे यांनी मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने लिहिलेल्या आत्मकथनात घराण्यात चालत आलेली ही हकिगत दिली आहे. गोव्याच्या सीमेलगत जगलबेटला राहणारे हे लेखक गोमंतकीय वाचकांना परके नाहीत. त्या हकिगतीनुसार पुढे योगायोगाने एका तळघराचा पत्ता लागला आणि दडलेले धन माधवरावांच्या हाती आले. एकाच माणसाच्या स्मरणावर साऱ्या राज्याची पुंजी टांगलेली असणे किती धोक्याचे असते, हा धडा त्यांना बालवयातच मिळाला.

पुढच्या कारभारात या धड्याची छाया दिसते. माधवरावांनी प्रत्येक खात्यासाठी सविस्तर लेखी नियम तयार करवले. कोणी काय करायचे, हिशेब कसा ठेवायचा, तपासणी कशी करायची, हे कागदावर आणले. स्वतः दौरे काढून ते कचेऱ्या तपासत. सरदारांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली. पुढे किल्ल्यावर गेलेली हीच संस्था आज सिंदिया स्कूल म्हणून ओळखली जाते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घराण्याच्या गायकीत उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या तिथे वर्गात, स्वरलिपीच्या आधाराने शिकवली जाऊ लागली.

मात्र माधवरावांचे मन सर्वांत जास्त रमे ते यंत्रांत. त्यांतही आगगाडीत. तारुण्यातच त्यांनी ग्वाल्हेरात दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी सुरू केली. आरंभी तिचे स्वरूप राजाच्या खाजगी हौसेचे होते. पण हौस तेवढ्यावर थांबली नाही. त्याच अरुंद रुळांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक मार्ग भिंडकडे आणि दुसरा शिवपुरीकडे गेला. तिसरा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. दोन फुटी रुळांवर एवढा लांब मार्ग क्वचितच कुठे झाला असेल. चंबळच्या खोऱ्यातील दुर्गम गावांना या गाडीने बाजार, न्यायालय आणि दवाखाना जवळ आणून दिला. महाराज स्वतः इंजीन चालवण्यात तरबेज होते आणि पाहुण्यांना गाडीत बसवून ते दाखवण्याची त्यांना आवड होती.

टेबलावरची चांदीची गाडी याच वेडाचे छोटे रूप होते. फरक एवढाच की शेतामळ्यांतून धावणारी गाडी कोळशावर चाले आणि भोजनगृहातली विजेवर. त्या काळात वीज ही भारतात नवलाईची गोष्ट होती. मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. अशा दिवसांत पाहुण्यांपुढे विजेने चालणारी गाडी मांडणे हा निव्वळ श्रीमंतीचा देखावा नव्हता. नवे शतक कोणत्या शक्तीवर चालणार आहे, याची ती जाणीवही होती.

खेळण्यातल्या विजेच्या गाडीचे तत्त्व शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडते. रुळांतून आलेली विद्युतधारा चाकांवाटे इंजिनातल्या मोटारीत जाते आणि परत फिरते. हा परिपथ अखंड असेपर्यंत मोटार फिरते आणि कुठेही तुटला की थांबते. पात्र उचलताच गाडी थांबण्यामागे खटक्याचाच नियम आहे. अवघड प्रश्न वेगळाच असतो. काठोकाठ भरलेली काचेची पात्रे घेऊन निघालेली गाडी हिसका न देता सुटली पाहिजे. मोटारीला एकदम पूर्ण वीज दिली तर ती झटक्याने उसळते. म्हणून वाटेत अडथळा घालावा लागतो. या अडथळ्याला मराठी पाठ्यपुस्तके रोध म्हणतात आणि तो निर्माण करणाऱ्या घटकाला रोधक, म्हणजेच बाजारातला रेझिस्टर. विजेच्या गाड्यांच्या त्या पहिल्या काळात वेग आवरण्याचे काम तारेच्या वेटोळ्यांचे रोधक करीत. आरंभी पूर्ण रोध, मग तो हळूहळू कमी करीत न्यायचा, म्हणजे गाडी अलगद वेग घेते. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली, तेव्हा दीड हजार व्होल्टच्या त्या गाडीचा वेगही मोठमोठ्या रोधकांनीच आवरला जात होता. टेबल आणि लोहमार्ग यांत प्रमाणाचा फरक होता, नियम एकच होता.

तो नियम जर्मन शिक्षक गेओर्ग सिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो आणि त्याचे एकक त्यांच्याच नावाने ओहम. बारा व्होल्टचा पुरवठा आहे, मोटारीला सहा व्होल्ट आणि एक अँपिअर पुरतो, असे धरले तर उरलेले सहा व्होल्ट रोधकाने अडवायचे. सहाला एकाने भागून सहा ओहम. पण हिशेब इथे संपत नाही. अडवलेली वीज नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. सहा व्होल्ट गुणिले एक अँपिअर म्हणजे सहा वॅट. तेवढी उष्णता सोसणारा, किंबहुना थोडी शिल्लक राखणारा, दहा वॅटचा तारेचा रोधक निवडावा लागतो. पाव वॅटचा इवलासा रोधक तिथे लावला तर तो क्षणात जळून काळा पडेल. बाजारात नेमका सहा ओहम बहुधा मिळत नाही. ५.६ आणि ६.८ हे प्रमाणित आकडे मिळतात. गाडी जरा सावकाश चाललेली परवडत असेल, तर त्यांतला मोठा घ्यावा.

मोठ्या रोधकांवर आकडा छापलेला असतो. लहानांवर तेवढी जागा नसते, म्हणून रंगीत पट्टे आले. ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांच्या संघटनेने रूढ केली. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ आणि पांढरा नऊ. चार पट्ट्यांच्या रोधकावर पहिले दोन पट्टे अंक सांगतात, तिसरा त्यांपुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो आणि थोडा अंतरावर असलेला चौथा पट्टा छापील किमतीत किती फरक पडू शकतो ते दर्शवतो. सोनेरी असेल तर पाच टक्के, चंदेरी असेल तर दहा. टेबलावरच्या रुळांजवळ लाल सिग्नलचा छोटा एलईडी लावायचा झाला तर हाच हिशेब पुन्हा करता येतो. पुरवठा बारा व्होल्टचा, दिव्याला लागणारे सुमारे दोन, म्हणजे अडवायचे दहा व्होल्ट. धारा दहा मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभरावा भाग. भागाकार एक हजार ओहम येतो. दुकानात तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्ट्यांचा रोधक मागायचा. उष्णता दहाव्या भाग वॅटची, तेव्हा इथे पाव वॅटचा पुरतो. दिवा विनारोधक जोडला तर मात्र एका लखलखाटात संपतो.

हे पट्टेही एक बीजकच आहे. पण शिंद्यांच्या किल्ल्यातले बीजक एका माणसापुरते होते आणि तो गेला की हरवणारे होते. रंगांचे बीजक सर्वांसाठी उघडे आहे आणि दहा मिनिटांत कोणाही शाळकरी मुलाला शिकता येते. एकोणिसाव्या शतकातले संस्थान आणि विसाव्या शतकातले यंत्रयुग यांतला फरक या दोन संकेतांत नेमका दिसतो. माधवरावांचे आयुष्य या दोहोंच्या मधोमध गेले.

चांदीच्या गाडीची एक गंमतीदार कथा १९७५ मध्ये निघालेल्या ‘फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट’ या पुस्तकामुळे जगभर गेली. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत नियंत्रणफळीत शॉर्टसर्किट झाले, गाड्या बेफाम सुटल्या आणि रस्सा, मांस व वाटाणे प्रतिष्ठित पाहुण्यांच्या अंगावर उडाले, असे त्या पुस्तकात रंगवले आहे. तपशील कितीही फुलवलेला असो, त्यामागचे शास्त्र खरे आहे. शॉर्टसर्किट म्हणजे विजेला रोध टाळून जाणारी आडवाट सापडणे. रोध शून्याजवळ आला की विद्युतधारा बेसुमार वाढते. त्यात नेहमीच्या तापमानाला सर्व धातूंमध्ये विजेचा सर्वोत्तम वाहक चांदीच. शोभेसाठी निवडलेला धातू वीज वाहण्यात सर्वांत सरस निघावा आणि म्हणूनच अपघातात सर्वांत बेलगाम ठरावा, हा योग मजेदार आहे.

पैसा वाहता ठेवावा, हेही माधवरावांना पुरते उमगले होते. साकची येथे टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत असताना खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढावे लागले. चार लाख पौंडांचे ते सारे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले. देशी पोलाद बनेल यावर अनेक जाणत्यांचा विश्वास नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. तळघरात निजलेल्या धनाच्या वारसाने देशाच्या पहिल्या मोठ्या पोलाद कारखान्याला हात दिला, हे माधवरावांचे बहुधा सर्वांत दूरदर्शी काम होय. बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९२१ मध्ये ग्वाल्हेरात उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रोत्साहनाने.

या चरित्राला एक काळी बाजूही आहे. ग्वाल्हेरला पाणी मिळावे म्हणून सांक नदीवर तिगरा येथे दगडी धरण बांधले गेले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपले, खालून दाब आला आणि भिंतीचा भाग जागेवरून ढकलला गेला. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. धरण पुढे दुरुस्त होऊन पुन्हा उभे राहिले. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला प्रथम बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे तिगऱ्यालाही बसले आणि आजही शहर त्याच पाण्यावर जगते. पण गेलेली माणसे परतली नाहीत. टेबलावरच्या गाडीची चूक कपड्यांवरच्या डागांनी भरून निघते, धरणाची निघत नाही. यंत्रावर प्रेम असणे पुरेसे नसते. प्रत्येक घटक किती भार सोसेल याचा हिशेब आधी करावा लागतो, मग तो पाव वॅटचा रोधक असो की नदीच्या पात्रातला पाया.

माधवरावांच्या घरगुती जीवनाचा एक धागा थेट गोव्याशी जुळतो. पहिल्या पत्नी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. दुसरा विवाह झाला तो गजराराजे यांच्याशी. त्या गोव्यातील राणे घराण्यातल्या. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पुन्हा पुन्हा शस्त्र उचलणाऱ्या राण्यांची कन्या उत्तरेतील सर्वांत बलाढ्य मराठी राजघराण्यात नांदायला गेली. कमलाराजे आणि १९१६ मध्ये जन्मलेले जिवाजीराव ही त्यांची मुले. इंग्लंडचा राजा आणि राणी यांच्यावरून मुलांना मेरी आणि जॉर्ज अशी नावेही जोडण्यात आली. चीनमधल्या बॉक्सर युद्धाच्या वेळी १९०० मध्ये इस्पितळाचे जहाज देऊन स्वतः तिकडे जाणारा आणि युवराजांना राजवाड्यात उतरवून घेणारा हा राजा साम्राज्याचा निष्ठावंत मित्र होता, ही वस्तुस्थिती झाकता येत नाही. आज ती खटकते. तरी त्या चौकटीत राहून आपल्या मुलखासाठी काय साधता येईल, याचा त्यांनी सतत विचार केला, हेही तेवढेच खरे.

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मुंबईत विजेची गाडी धावू लागल्याला तेव्हा चारच महिने झाले होते. जिवाजीराव नऊ वर्षांचेही नव्हते. वडिलांच्या बाबतीत घडले तेच मुलाच्या वाट्याला आले आणि राज्य पुन्हा एकदा पालकमंडळाकडे गेले. या वेळी मात्र बीजक हरवले नाही. पैसा रोख्यांत आणि भागांत होता, कारभार नियमांच्या पुस्तकांत होता. शिवपुरीत आई सख्याराजे यांच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री उभी आहे. मायलेक एकमेकांसमोर असावेत, अशी तिची योजना आहे.

श्योपूरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली आणि तिच्या जागी रुंद रूळ टाकण्याचे काम सुरू झाले. शतकाहून अधिक काळ तिने दोन पिढ्यांना नव्हे, चार पिढ्यांना शाळेत, बाजारात आणि लग्नाला नेले. राजवाड्यातली चांदीची गाडी काचेच्या पात्रांसह जागच्या जागी आहे. या दोघींपेक्षा अधिक जिवंत स्मारके शहरात अन्यत्र आहेत. गजराराजे यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले आणि माधवरावांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५७ मध्ये. गोव्याच्या लेकीचे नाव डॉक्टरांच्या पदवीवर आहे आणि यंत्रवेड्या राजाचे नाव अभियंत्यांच्या. सरदारांच्याच नव्हे तर शेतकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या मुलामुलींनाही आज ते दरवाजे उघडे आहेत. प्रयोगशाळेच्या टेबलावर रंगीत पट्ट्यांचा रोधक उलटसुलट करून त्याची किंमत वाचणारे ग्वाल्हेरचे विद्यार्थी राजवाड्याच्या भोजनगृहात जाऊन आले असोत वा नसोत, त्या टेबलावर जे खेळ म्हणून चालले होते ते आता त्यांचे शिक्षण झाले आहे.